बदली खेळाडू केव्हा उतरवावा? : मरहूम रहीमसाहेबांच्या फुटबॉलचा धडा



शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामना रंगला की उत्तरार्धात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "सर, तो पोरगा पार दमलाय, त्याला बाहेर का घेत नाही?" त्याच वेळी पलीकडे त्या मुलाचे वडील उभे असतात. मुलाने शेवटपर्यंत खेळावे, अशी त्यांची इच्छा असते. खेळ चालू असताना मुलाला बाहेर बोलावणे म्हणजे चारचौघांत त्याची मान खाली घालणे, असे त्यांना वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. दमलेल्या किंवा निष्प्रभ ठरलेल्या खेळाडूला केव्हा बदलावे, हा प्रश्न जगातील मोठमोठ्या प्रशिक्षकांनाही सुटता सुटत नाही. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील एक सोनेरी पान आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातील एका शाळामास्तराने लिहिले आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पान आपल्यासमोर उलगडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अकरा उतरले, अकराच खेळले

आजच्या फुटबॉलचे मूळ नियम १८६३ साली लंडनमध्ये तयार झाले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे अधिकृत सामन्यांत बदली खेळाडूला जागा नव्हती. जे अकरा जण मैदानात उतरत, तेच शेवटपर्यंत खेळत. एखाद्याचा पाय मोडला तर संघ दहा जणांनिशी खेळे. पाय नुसता मुरगळला असेल, तर त्या खेळाडूला एका कडेला उभे करीत आणि तो लंगडत लंगडत वेळ काढी. १९६६ च्या विश्वचषकात जगाने हे दृश्य पाहिले. लिव्हरपूल येथे पोर्तुगालविरुद्धच्या सामन्यात ब्राझीलचा पेले जबर जखमी झाला; पण त्याच्या जागी दुसरा खेळाडू पाठवण्याची सोय नियमात नव्हती. जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू एका पायावर लंगडत राहिला आणि ब्राझीलचा संघ ३-१ असा हरून स्पर्धेबाहेर गेला.

नियम बदलत गेले ते हळूहळू. १९५३ साली पश्चिम जर्मनी आणि सारलँड यांच्यातील विश्वचषक पात्रता सामन्यात होर्स्ट एकेल या जखमी खेळाडूच्या जागी रिचर्ड गॉटिंगर उतरला. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५ पासून दुखापत झाली तरच एक बदली खेळाडू घेता येऊ लागला. पुढे दोनच वर्षांनी दुखापतीची अट गेली आणि डावपेच म्हणूनही खेळाडू बदलण्यास मोकळीक मिळाली. विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत ही सवलत प्रथम १९७० साली मेक्सिकोत मिळाली. तेथे प्रत्येक संघाला दोन खेळाडू बदलता येत होते. १९९५ पासून ही संख्या तीन झाली. २०२० साली कोरोनाच्या साथीनंतर सामन्यांची गर्दी झाली तेव्हा पाच बदलांना तात्पुरती परवानगी दिली गेली आणि २०२२ मध्ये तीच कायम झाली. म्हणजे पूर्वी ज्या प्रशिक्षकाच्या हाती एकही बदल नव्हता, त्याच्या हाती आज अर्धा संघ बदलण्याची सत्ता आली आहे. सत्ता वाढली तशी जबाबदारीही वाढली.

बदल नसतानाचा प्रशिक्षक

वाचकहो, आपला कळमनुरी तालुका आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा होईपर्यंत तो परभणी जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी इकडच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. त्याच हैदराबादेत १७ ऑगस्ट १९०९ रोजी सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म झाला. बी.ए. होऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी मुलांना शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते शाळेच्या खेळांकडेही पाहू लागले. लोक त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत.

१९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईच्या प्रेक्षकांनी दख्खनी पोलिसांचा हा खेळ डोळे भरून पाहिला. पुढे रहीमसाहेब भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. एखादा माणूस या पराभवाने खचला असता. रहीमसाहेबांनी त्या काळच्या हंगेरीच्या खेळाचा अभ्यास केला, जुनी मांडणी मोडली आणि नवी बसवली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याचे फळ दिसले. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेल्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. मध्यंतरानंतर नेव्हिलनेच गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. पण पुढच्या अर्ध्या तासाच्या आत चार गोल चढले आणि सामना ४-१ असा गेला. आज एखाद्या प्रशिक्षकावर अशी वेळ आली तर तो ताज्या दमाचे दोन खेळाडू पाठवून वादळ अडवण्याचा प्रयत्न करील. रहीमसाहेबांच्या हाती तो उपायच नव्हता. भारताला चौथे स्थान मिळाले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर भारत कधीच गेलेला नाही.

मग ज्याच्या हाती बदल नाही, त्या प्रशिक्षकाने करायचे काय? याचे उत्तर १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मिळाले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. दुसऱ्या सामन्यात थायलंडला ४-१ असे नमवले, पण बचावाचा कणा असलेल्या जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके पडले. जपानला २-० असे हरवून भारत उपांत्य फेरीत गेला. आता पेच असा की, टाके पडलेल्या डोक्याने बचावात उभे राहून चेंडू मागून चेंडू डोक्यावर घ्यायचे कसे? आणि जर्नेलसारखा धिप्पाड, निधड्या छातीचा खेळाडू बाहेर बसवायचा तरी कसा?

रहीमसाहेबांनी तिसराच मार्ग काढला. जर्नेल पूर्वी आघाडीवर खेळलेले होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी जर्नेलना बचावातून काढून मध्य आघाडीवर नेले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला. त्यात चुनी गोस्वामींचे दोन आणि जर्नेल यांचा एक गोल होता. अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशी होता. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने जाहीर नापसंती दर्शवली होती. त्यामुळे यजमान देशाचे प्रेक्षक भारतावर चिडलेले होते. भरलेल्या स्टेडियममध्ये भारतीय संघाविरुद्ध ओरडा चालू होता. त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडूंनी भारताला पाठिंबा दिला, ही गोष्टही विसरता येत नाही. आजारातून उठलेले उंचपुरे पीटर थंगराज गोलमध्ये उभे राहिले. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला आणि विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग यांनी दुसरा. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण भारत २-१ असा जिंकला.

हा सामना आपल्या विषयाला अगदी लागू पडतो. रहीमसाहेबांनी माणूस बदलला नाही, त्याची जागा बदलली. आपल्या माणसात आणखी कोणते गुण दडलेले आहेत, हे त्यांना आधीच माहीत होते. शाळेत मास्तरला प्रत्येक मुलाची नस ठाऊक असते, तसेच हे झाले. शिवाय आपल्या हैदराबादेत त्यांनी मुलांसाठी निराळ्याच स्पर्धा भरवल्या होत्या. कुठे फक्त कच्च्या पायाने खेळायचे, कुठे चेंडू घेऊन पळायचे नाही, लगेच दुसऱ्याला द्यायचा. अशा सरावातून एकाच खेळाडूला दोन-तीन जागी खेळता येई. ज्या संघाला बाहेरून मदत मिळणार नव्हती, त्या संघाची राखीव ताकद त्यांनी खेळाडूंच्या अंगातच तयार केली.

बदल आला, तशा चुकाही आल्या

१९७० साली विश्वचषकात बदल करण्याची मुभा मिळाली आणि त्याच स्पर्धेत त्यावरून सर्वांत गाजलेला वादही झाला. १४ जून रोजी मेक्सिकोतील लेऑन येथे भर दुपारच्या उन्हात इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांचा उपांत्यपूर्व सामना झाला. इंग्लंड २-० असा पुढे होता. जर्मनीने ताज्या दमाचा ग्राबोव्स्की उतरवला आणि त्याने दमलेल्या इंग्लिश बचावाला पळवून पळवून बेजार केले. बेकेनबाउरने एक गोल फेडला. त्यानंतर लगेच इंग्लंडचे प्रशिक्षक अल्फ रॅम्सी यांनी बत्तीस वर्षांच्या बॉबी चार्लटनला बाहेर बोलावले. पुढच्या सामन्यासाठी त्याला विश्रांती मिळावी, हा त्यांचा विचार होता. पुढचा सामना आलाच नाही. जर्मनीने बरोबरी केली आणि जादा वेळेत म्युलरने गोल करून इंग्लंडला घरी पाठवले. चार्लटन त्यानंतर इंग्लंडसाठी कधीच खेळला नाही.

आजही अनेक जण या पराभवाचे खापर रॅम्सींवर फोडतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. जर्मनीचा पहिला गोल झाला तेव्हा चार्लटन मैदानातच होता. रॅम्सींचा दोष असेल तर तो वेगळा आहे. समोरच्याने ताजा खेळाडू उतरवल्यावर ज्या बाजूला भगदाड पडत होते, ती बाजू त्यांनी वेळेवर सावरली नाही. उद्याच्या सामन्याची काळजी वाहताना आजचा सामना अजून संपलेला नाही, याकडे दुर्लक्ष झाले.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनचा अडतीस वर्षांचा रॉजर मिला बाकावरून उठून येई. रुमानियाविरुद्ध त्याने असे येऊन दोन गोल केले आणि कोलंबियाविरुद्धही दोन. त्या वयात संपूर्ण सामना खेळणे त्याला जड गेले असते, पण दमलेल्या बचावासमोर अर्ध्या-पाऊण तासासाठी तो भारी पडला. २०१४ च्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या प्रशिक्षकाने अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला छत्तीस वर्षांच्या क्लोजला बाहेर घेऊन तरुण गोत्झेला पाठवले आणि जादा वेळेत एकशे तेराव्या मिनिटाला त्याच गोत्झेने गोल करून विश्वचषक जिंकून दिला. पहिल्या उदाहरणात म्हातारा तरुणांना भारी पडला, दुसऱ्यात तरुणाने म्हाताऱ्याची जागा घेतली. वयापेक्षा त्या घटकेला पायांत किती दम आहे आणि समोरचा किती थकला आहे, याला महत्त्व आहे.

मिनिटांचा हिशोब

आता शास्त्राकडे वळू. वरच्या दर्जाचा खेळाडू एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो. पण थकवा त्या अंतरापेक्षा वेगाने मारलेल्या धावांतून येतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की, शेवटच्या पंधरा मिनिटांत बदली म्हणून आलेला खेळाडू वेगाच्या धावा इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक करतो. ताज्या पायांची किंमत यावरून ध्यानात यावी.

अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या ब्रेट मायर्स यांनी २०१२ मध्ये एक नियम मांडला. संघ पिछाडीवर असेल तर पहिला बदल ५८ व्या मिनिटाआधी, दुसरा ७३ व्या आधी आणि तिसरा ७९ व्या आधी करावा. हा क्रम पाळणाऱ्या संघांना पिछाडी भरून काढण्यात न पाळणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट यश मिळाले, असे त्यांना आढळले. २०१६ मध्ये कॅनडातील सिल्वा आणि स्वार्ट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी दुसऱ्या पद्धतीने तपासली आणि अमुकच मिनिट लाभदायक असे काही दिसत नाही, असे सांगितले. म्हणजे घड्याळाकडे पाहून खेळाडू बदलणे हे काही रामबाण औषध नव्हे. तरीही मायर्स यांच्या म्हणण्यातला एक भाग पटण्यासारखा आहे. बहुतेक प्रशिक्षक उशीर करतात. ज्याच्यावर भरवसा टाकला त्याला बाहेर काढणे जिवावर येते. आणखी पाच मिनिटे पाहू, असे म्हणत म्हणत सामना हातचा जातो.

आपल्या शाळेच्या पातळीवर धावांची मोजणी करणारी यंत्रे नाहीत. पण शिक्षकाचे डोळे आहेत. दमलेला मुलगा ओळखण्याच्या काही खुणा विद्यार्थी मित्रांनीही लक्षात ठेवाव्यात. खेळ थांबला की तो गुडघ्यांवर हात टेकून वाकतो. चेंडू गेल्यावर मागे धावत येत नाही, चालत येतो. दिलेला चेंडू तोकडा पडतो. समोरच्याला अडवायला एक पाऊल उशीर होतो आणि पंचाची शिट्टी वाजते. सोबत्यांवर तो विनाकारण चिडतो. यांतील दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की त्याला बाहेर घ्यावे; पुढची दुखापत त्यानेच टळते. पण निष्प्रभ खेळाडूची गोष्ट निराळी आहे. तो दमलेला नसतो, त्याचे काही जमत नसते. त्याला काढण्याआधी मध्यंतरात दोन शब्द बोलावे, जागा बदलून पाहावी, जर्नेल सिंगांची आठवण ठेवावी. त्यानंतरही जमले नाही, तर बदल करावा.

आणि बाहेर येणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवायला विसरू नये. लहान मुलांच्या सामन्यांत बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येऊ देण्याची सवलत आता फुटबॉलच्या नियमांतच आहे. बाहेर बसणे म्हणजे शिक्षा नाही, हे मुलांना त्यातून सहज समजते. पालकांनीही घरी गेल्यावर "तुला का काढलं?" असे विचारण्याऐवजी "होतास तेवढा वेळ कसा खेळलास?" असे विचारले, तर निम्मे काम होईल.

रहीमसाहेबांनंतर

जकार्ताच्या विजयानंतर वर्षही पुरे झाले नाही. कर्करोगाने ग्रासलेल्या रहीमसाहेबांचे ११ जून १९६३ रोजी निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. त्यांनी घडवलेल्या खेळाडूंच्या बळावर १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला. १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धेत फुटबॉलचे एकही पदक भारताच्या वाट्याला आलेले नाही. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. एवढा मोठा प्रशिक्षक, पण त्याच्या जागी उभा राहील असा दुसरा तयार करण्याची काळजी खेळ चालवणाऱ्यांनी वेळेवर घेतली नाही. प्रत्येक खेळाडूला दोन जागा शिकवणाऱ्या माणसाची स्वतःची जागा मात्र रिकामीच राहिली.

पालकहो, शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत फुटबॉलवर लिहिण्याचे कारण हेच आहे. आपल्या संस्था ज्या वडीलधाऱ्यांनी पदरमोड करून उभ्या केल्या, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण त्यांच्या शेजारी बसून कारभार शिकणारे तरुण, आणि तरुणीही, आपण किती तयार केले? एखाद्या विषयाचा शिक्षक निवृत्त झाला, तर त्याचा तास दुसऱ्याच दिवशी घेईल असा कोणी आहे का? आणि वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलामुलींना वर्षभरात एकदा तरी फळ्यासमोर उभे राहण्याची संधी मिळते का? ज्याला कधी उतरवलेच नाही, तो ऐनवेळी कामाला येणार नाही. बाकावरच्या खेळाडूला घडवायचे तर संघ सुस्थितीत असतानाच त्याला खेळवावे लागते.

म्हणून शेवटी एक साधी सूचना करतो. आपल्या शाळांच्या संघांसाठी एक वही ठेवावी. प्रत्येक सामन्यात कोणता मुलगा, कोणती मुलगी किती मिनिटे खेळली, कोणत्या जागी खेळली, याची नोंद त्या वहीत व्हावी. वर्षाअखेर ती वही पालकांच्या सभेत सर्वांसमोर वाचावी. ज्यांच्या नावापुढे एकही मिनिट नसेल, त्यांना पुढच्या वर्षीच्या पहिल्या सामन्यात सुरुवातीपासून उतरवावे. याला खर्च एका वहीचा आहे.